मोटारसायकलच्या मागच्या ब्रेकमधील हवा : दुखणे आणि उपाय

घाटाचा लांब उतार, पाठीमागे डबलसीट बसलेली व्यक्ती आणि समोर वळण. वेग कमी करण्यासाठी चालक उजव्या पायाखालचे पेडल दाबतो. पण ते नेहमीच्या जागी न थांबता मऊ गादीसारखे खाली जाते. दुसऱ्यांदा दाबल्यावर थोडा जोर येतो, तिसऱ्यांदा आणखी थोडा. गॅरेजच्या भाषेत या दुखण्याला 'ब्रेकने हवा धरली' असे म्हणतात. हे दुखणे अवघड नाही, त्यावरचा उपायही महागडा नाही. मात्र मागच्या ब्रेकच्या बाबतीत ते उशिरा लक्षात येते, आणि लक्षात आल्यावरही हवा पूर्णपणे निघतेच असे नाही. या दोन्ही गोष्टींमागे साधी शास्त्रीय कारणे आहेत.

विषय यांत्रिक असला तरी त्याचा संबंध जीविताशी आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक आणि महामार्ग मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षी देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ व्यक्तींचा मृत्यू झाला. त्यांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरील होत्या. हे सर्व अपघात ब्रेकच्या दोषामुळे झाले, असा याचा अर्थ नाही. परंतु दुचाकीस्वाराला संरक्षण देणारी साधने मुळातच मोजकी असतात आणि ब्रेक हे त्यांपैकी पहिले साधन आहे.

रॉडकडून द्रवाकडे

एकेकाळी भारतातील मोटारसायकलींचा मागचा ब्रेक सरसकट ड्रम पद्धतीचा असे. राजदूत, येझदी, बुलेट या गाड्यांवर शिकलेल्या पिढीला पेडलपासून मागच्या चाकापर्यंत जाणारा लोखंडी रॉड आणि त्याच्या टोकाचा नट चांगला परिचित आहे. ब्रेक सैल वाटला की हा नट दोन-चार फेरे आवळायचा, एवढीच त्याची देखभाल होती. आजही अनेक लहान मोटारसायकलींना मागे हाच ब्रेक असतो. त्यात द्रव नसल्यामुळे हवा धरण्याचा प्रश्नच येत नाही.

द्रवाच्या दाबावर चालणारा डिस्क ब्रेक मोठ्या प्रमाणात तयार होणाऱ्या मोटारसायकलींत रूढ करण्याचे श्रेय १९६९ मध्ये आलेल्या होंडा सीबी ७५० या गाडीला दिले जाते. तो ब्रेक पुढच्या चाकाला होता. भारतीय बाजारात मागच्या चाकालाही डिस्क देणाऱ्या गाड्या त्यानंतर पुष्कळ वर्षांनी आल्या. २००७ मधील बजाज पल्सर २२० हे त्यांपैकी एक ठळक उदाहरण. पुढे अशा गाड्यांची संख्या वाढत गेली. जुनी सवय मात्र पुष्कळांची सुटली नाही. मागचा ब्रेक सैल वाटला की आजही आवळण्यासाठी नट शोधला जातो. द्रवाच्या ब्रेकमध्ये असा नट नसतो. पेडलची उंची बदलण्याची सोय असते, पण ती पायाच्या सोयीसाठी. पेडल मऊ झाले असेल तर उंची वाढवून दोष झाकला जातो, दूर होत नाही.

द्रव दबत नाही, हवा दबते

बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा नियम सतराव्या शतकात फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल यांनी मांडला. डिस्क ब्रेकचे सारे काम या नियमावर चालते. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील लहान पिस्टन द्रवाला पुढे ढकलतो. तो दाब नळीतून कॅलिपरमधील मोठ्या पिस्टनपर्यंत जातो आणि पिस्टन पॅडना फिरत्या चकतीवर दाबतो. या साखळीत द्रव जवळजवळ मुळीच दबत नाही, म्हणूनच पायाचा जोर वाया न जाता चाकापर्यंत पोहोचतो.

हवेचे तसे नाही. दाब दहापट झाला की तिचे आकारमान सुमारे एक दशांश होते. समजा, नळीत केवळ अर्धा घन सेंटिमीटर हवा अडकली आहे आणि मास्टर सिलिंडरच्या पिस्टनचा व्यास १२.७ मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच आहे. दाब दहापट होईपर्यंत ही हवा ०.४५ घन सेंटिमीटरने आक्रसते. तेवढी जागा भरून काढण्यासाठी पिस्टनला सुमारे साडेतीन मिलिमीटर जादा सरकावे लागते. पेडलच्या तरफेचे प्रमाण चारास एक धरले, तर पायाखालचे पेडल सुमारे १४ मिलिमीटर अधिक खाली जाते. पिस्टनची संपूर्ण हालचालच जेमतेम सेंटिमीटर-सव्वा सेंटिमीटरची असते, हे ध्यानात घेतले म्हणजे चमचाभरही नसलेली हवा किती नुकसान करते याचा अंदाज येतो. अशा ब्रेकमध्ये पाय द्रवाला दाबण्याऐवजी हवेला दाबत राहतो.

मागच्या ब्रेकचे वेगळेपण

परिचारिका इंजेक्शन देण्यापूर्वी सुईचे टोक वर धरते, सिरिंजला टिचकी मारते आणि वर जमलेली हवा आधी बाहेर काढते. शहराला पाणी पुरवणाऱ्या मोठ्या जलवाहिन्यांवरही हवा सोडणाऱ्या झडपा उंचवट्याच्या ठिकाणीच बसवलेल्या दिसतात. तत्त्व एकच आहे. द्रवातील हवा नेहमी वर जाते आणि तिला बाहेर पडण्याची वाट सर्वांत उंच ठिकाणीच हवी.

पुढच्या ब्रेकला ही अनुकूलता आपोआप लाभते. त्याचा मास्टर सिलिंडर आणि द्रवाची टाकी हँडलवर, म्हणजे सर्वांत वर असते. कॅलिपर खाली चाकापाशी असतो. त्यामुळे बरीचशी हवा वर चढून टाकीतून निघून जाते. मागे परिस्थिती वेगळी असते. मास्टर सिलिंडर पायाजवळ, फुटरेस्टच्या मागे असतो. त्याची लहान टाकी थोडी वर, बहुधा बाजूच्या पॅनेलजवळ असते. दाबाची नळी सिलिंडरपासून निघून काहीशी वर जाते, वळते आणि स्विंगआर्मच्या कडेने जवळजवळ आडवी होत कॅलिपरपर्यंत पोहोचते. अनेक गाड्यांत कॅलिपर आणि मास्टर सिलिंडर यांच्या उंचीत फारसा फरक नसतो. परिणामी हवेचा बुडबुडा नळीच्या वळणात, सिलिंडरला नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टपाशी किंवा कॅलिपरच्या एखाद्या कोपऱ्यात अडून राहतो. त्याला वर जायचे असते, पण वर वाट नसते.

दुसरे वेगळेपण चालकाच्या शरीराचे आहे. पुढचा ब्रेक बोटांनी दाबला जातो आणि बोटांना लिव्हरमधील किंचितसा मऊपणाही जाणवतो. मागचा ब्रेक बुटातील पायाने दाबला जातो. पेडल दररोज केसभर खाली जात असेल तर पाय नकळत त्याच्याशी जुळवून घेतो. शिवाय जोरात ब्रेक लावताना गाडीचा भार पुढे सरकतो आणि थांबवण्याचे मोठे काम पुढचा ब्रेक करतो, म्हणून मागच्या ब्रेकची उणीव एरवी झाकली जाते. ती उघडी पडते ती नेमक्या अडचणीच्या वेळी. ओला रस्ता, खडी पसरलेले वळण, डबलसीट आणि सामानाचा भार, तीव्र उतार अशा ठिकाणी गाडी सावरून धरण्यासाठी मागचा ब्रेक लागतो. त्याने दगा दिला की चालक घाबरून पुढचा ब्रेक एकदम दाबतो आणि निसरड्या जागी पुढचे चाक घसरते.

हवा शिरते कोठून?

ब्रेकची यंत्रणा बंदिस्त असताना हवा येते कोठून, असा प्रश्न स्वाभाविकपणे पडतो. पॅड झिजत जातात तसा कॅलिपरचा पिस्टन बाहेर येतो, त्याच्या मागे अधिक द्रव जातो आणि टाकीतील पातळी उतरते. ही पातळी किमान रेषेच्या खाली गेलेली असताना गाडी आडवी पडली, तर टाकीच्या तळाचे छिद्र उघडे पडून हवा आत शिरू शकते. नळी किंवा कॅलिपर बदलताना हवा शिरणे तर अटळच असते. झिजलेले रबरी सील आणि नीट न बसलेले वॉशर हेही तिचे मार्ग आहेत.

याखेरीज एक फसवा प्रकार आहे. गॅरेजमध्ये ज्याला सर्रास 'ब्रेक ऑइल' म्हटले जाते, ते वस्तुतः तेल नसते. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ या प्रकारचे द्रव ग्लायकॉल वर्गातील रसायनांपासून बनतात आणि हवेतील बाष्प शोषून घेतात. कोकण, गोवा, केरळ किंवा बंगालच्या दमट हवेत तर हा धोका अधिकच. नव्या डॉट ४ द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ठरावीक प्रमाणात पाणी मुरल्यानंतरच्या चाचणीत मात्र तो किमान १५५ अंश असला तरी चालतो. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४० अंश आहेत. उतारावर पेडलवर सतत पाय ठेवून गाडी चालवली की चकती व पॅड तापतात, ती उष्णता द्रवापर्यंत पोहोचते आणि त्यात मुरलेल्या पाण्याची वाफ होते. वाफही हवेप्रमाणेच दबते आणि पेडल अचानक खाली जाते. पायथ्याशी गाडी थांबवून अर्धा तास गेला की वाफेचे पुन्हा पाणी होते आणि ब्रेक पूर्ववत वाटतो. अशा वेळी 'आपोआप बरा झाला' असे समजून पुढे जाणे धोक्याचे आहे. तो द्रव बदलण्याची वेळ टळून गेल्याचा इशारा असतो. उदगमंडलमहून मसिनागुडीकडे उतरणारा, ३६ तीव्र वळणांचा कल्हट्टी घाट असो वा सह्याद्रीतील एखादा घाट, उतार कमी गिअरमध्ये उतरावा आणि ब्रेक लागेल तेवढाच वापरावा, हा जुना नियम याचसाठी आहे.

तयारी

हवा काढण्यासाठी लागणारे साहित्य मोजके आहे. टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रकारचा ब्रेक द्रव, कॅलिपरवरील निपलच्या मापाचा रिंग पाना (बहुतेक गाड्यांना ८ मिलिमीटरचा चालतो), पारदर्शक लवचिक नळी, पारदर्शक बाटली, स्वच्छ फडके आणि बादलीभर पाणी. द्रवाची बाटली नवी, सीलबंद असावी. वर्षभरापूर्वी उघडून ठेवलेल्या बाटलीतील द्रवाने आधीच बाष्प शोषलेले असते. डॉट ५ हा सिलिकॉनपासून बनणारा वेगळा प्रकार आहे. नावातील साम्यामुळे तो डॉट ४ किंवा ५.१ मध्ये मिसळू नये. इंजिन ऑइल किंवा इतर कोणतेही खनिज तेल चुकूनही टाकीत पडू देऊ नये, कारण त्याने रबरी सील फुगतात आणि संपूर्ण यंत्रणा निकामी होते.

ब्रेक द्रव रंग खातो. त्यामुळे टाकीभोवतीचा भाग फडक्याने झाकावा आणि थेंब सांडल्यास लगेच पाण्याने धुवावा. डोळ्यांना चष्मा व हातांना मोजे असावेत. गाडी सपाट जागी मेन स्टँडवर किंवा मागचे चाक उचलून धरणाऱ्या स्टँडवर सरळ उभी करावी, म्हणजे टाकी तिरपी राहत नाही.

हवा काढण्याची रीत

प्रथम टाकीचे झाकण पुसून घ्यावे. त्याचे स्क्रू मऊ धातूचे असतात. योग्य मापाचा स्क्रूड्रायव्हर दाबून धरून फिरवला नाही तर त्यांची खाच झिजते. झाकण व त्याखालील रबरी पडदा काढून टाकी वरच्या रेषेपर्यंत भरावी. जुना द्रव काळपट झालेला असल्यास तो आधी सिरिंजने उपसून घ्यावा.

त्यानंतर निपलवरील रबरी टोपी काढावी, आधी पाना चढवावा आणि मग नळी बसवावी. नळीचे दुसरे टोक बाटलीतील थोड्या स्वच्छ द्रवात बुडालेले असावे, म्हणजे हवा उलटी आत ओढली जात नाही. निपलपासून नळी आधी वर जाऊन मग बाटलीत उतरेल अशी मांडणी केली की बुडबुडे स्पष्ट दिसतात.

दोन माणसे असल्यास काम सोपे होते. एकाने पेडल तीन-चार वेळा सावकाश दाबून शेवटी दाबून धरावे. दुसऱ्याने निपल साधारण पाव फेरा सैल करावा. द्रव आणि बुडबुडे नळीत येतील व पेडल खाली जाईल. पेडल खाली असतानाच निपल बंद करावा आणि त्यानंतरच पाय सोडावा. हा क्रम मोडला, म्हणजे निपल उघडा असताना पेडल सोडले गेले, तर काढलेली हवा पुन्हा आत जाऊ शकते. 'दाबून धर', 'उघडले', 'बंद केले', 'सोड' असे मोठ्याने बोलत काम केले की चूक होत नाही.

नळीतून येणारा द्रव स्वच्छ आणि बुडबुडेरहित होईपर्यंत हीच कृती करत राहावी. दर चार-पाच वेळांनंतर टाकीतील पातळी पाहून ती भरावी. टाकी लहान असते आणि ती एकदा जरी रिकामी झाली तरी सारे काम पहिल्यापासून करावे लागते. पेडल घाईने पंपासारखे मारू नये. त्यामुळे मोठ्या बुडबुड्याचा बारीक फेस होतो आणि तो काढणे अधिक कठीण जाते. जुन्या गाडीत पेडल पूर्ण तळाशी जाऊ नये म्हणून त्याखाली लाकडाचा ठोकळा ठेवणे हिताचे. एरवी न वापरल्या जाणाऱ्या भागात सिलिंडर गंजलेला असू शकतो आणि तेथे सील फाटण्याची भीती असते.

शेवटी निपल बेताने आवळावा. तो आतून पोकळ असल्याने जादा जोराने तुटतो. आवळण्याचे नेमके प्रमाण गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते. टाकी योग्य पातळीपर्यंत भरून पडदा व झाकण बसवावे आणि सर्व भाग पाण्याने धुऊन कोरडे करावेत. निघालेला द्रव पुन्हा वापरू नये आणि गटारात किंवा जमिनीवरही ओतू नये.

तरीही पेडल मऊच राहिले तर

मागच्या ब्रेकचे वेगळेपण येथे खरे जाणवते. बाटलीत बुडबुडे येणे थांबते, पण पेडल घट्ट होत नाही. अशा वेळी आणखी द्रव ओतत राहण्यापेक्षा हवा कोठे अडली असेल याचा विचार करावा.

प्रथम कॅलिपर पाहावा. त्याचा निपल सर्वांत वरच्या बाजूला नसेल तर त्याच्या वरच्या पोकळीत हवा राहणारच. कॅलिपरचे बोल्ट काढून, नळी न ताणता, निपल वर येईल असा तो धरावा. दोन्ही पॅडच्या मध्ये चकतीच्या जाडीचा लाकडाचा किंवा धातूचा तुकडा अवश्य ठेवावा. अन्यथा पेडल दाबताच पिस्टन बाहेर निसटेल. या स्थितीत कॅलिपरला व नळीला हलक्या टिचक्या मारून पुन्हा हवा काढावी.

त्यानंतर मास्टर सिलिंडरजवळचा पोकळ बोल्ट. दाबाच्या नळीतील तो बहुधा सर्वांत उंच भाग असतो. त्याभोवती फडके गुंडाळून, पेडल दाबून धरून, बोल्ट किंचित सैल करून लगेच आवळल्यास तेथील हवा फसकन बाहेर पडते. तिसरा उपाय उलट दिशेचा. निपलला सिरिंज जोडून द्रव खालून वर, टाकीच्या दिशेने हळूहळू ढकलला जातो. हवेला मुळातच वर जायचे असल्याने मागच्या ब्रेकसाठी ही रीत अनेकदा अधिक परिणामकारक ठरते. मात्र टाकी भरून वाहणार नाही याकडे लक्ष ठेवावे लागते.

प्रत्येक मऊ पेडलचे कारण हवाच असते असे नाही. पेडल दाबून धरल्यावर ते सावकाश खाली जात असेल तर मास्टर सिलिंडरचे सील झिजले असण्याची किंवा कोठेतरी गळती असण्याची शक्यता अधिक. पेडल घट्ट आहे पण गाडी थांबत नाही, अशा वेळी पॅडला तेल लागले आहे किंवा ते काचेसारखे गुळगुळीत झाले आहेत का ते पाहावे. जुनी रबरी नळी दाबाखाली फुगते आणि तिचा मऊपणा हवेसारखाच भासतो. वाकडी झालेली चकती पॅडना मागे ढकलते, त्यामुळे पहिल्या वेळी पेडल खोल जाते. या दोषांवर हवा काढणे हा उपाय नव्हे.

एबीएस असलेल्या गाड्या

१ एप्रिल २०१९ पासून भारतात १२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या दुचाकींना एबीएस अनिवार्य आहे. काही गाड्यांत ते केवळ पुढच्या चाकाला असते. त्यांच्या मागच्या ब्रेकमधील हवा वरील रीतीने काढता येते. दोन्ही चाकांना एबीएस असल्यास मागची नळीही एबीएसच्या यंत्रातून जाते. नेहमीच्या द्रवबदलासाठी त्याच रीतीने बहुधा काम भागते. परंतु त्या यंत्रातच हवा शिरली असेल तर आतील झडपा उघडण्यासाठी काही गाड्यांना संगणकीय उपकरण जोडावे लागते. असे काम प्रशिक्षित तंत्रज्ञाकडेच सोपवावे.

रस्त्यावर येण्यापूर्वी

काम संपल्यावर गाडी जागेवरच असताना पेडल अनेकदा दाबून पॅड चकतीला टेकले आहेत याची खात्री करावी. नंतर पेडल जोराने दाबून अर्धा मिनिट धरावे. ते खाली सरकू नये आणि निपल, बोल्ट, नळी यांपैकी कोठेही ओल दिसू नये. चाक हाताने फिरवून ते मोकळे फिरते का तेही पाहावे. त्यानंतरच मोकळ्या जागी, अत्यंत कमी वेगाने ब्रेकची चाचणी घ्यावी.

ज्यांना हे काम स्वतः करण्याचा आत्मविश्वास नाही, त्यांनी ते मेकॅनिककडून करून घेण्यात कमीपणा नाही. मात्र बाटली आपल्यासमोर उघडली जाते का, जुना काळपट द्रव पूर्ण निघाला का, आणि शेवटी पेडल खरोखर घट्ट झाले का, या तीन गोष्टी कोणताही ग्राहक पाहू शकतो. साधारण दोन वर्षांनी द्रव बदलण्याचा सल्ला बहुतेक उत्पादक देतात. आपल्या गाडीची मुदत माहितीपुस्तिकेत पाहून तो बदल घाटाच्या वा लांबच्या प्रवासाआधी करून घेणे श्रेयस्कर. दररोज गाडी सुरू करण्यापूर्वी मागचे पेडल एकदा हाताने दाबून पाहण्याची सवयही लावून घ्यावी. बुटातील पायाला जे कळत नाही, ते तळहाताला लगेच कळते.